मिलर, मॅलिन आणि गच्चीवरचा रंगीत कॅमेरा

पावसाळा ओसरायला लागला की हापिसात कोणीतरी एकजण चहाच्या मशिनपाशी मला गाठतोच. टेलिस्कोप घेऊन झालेला असतो. आयपीसला मोबाईल टेकवून चंद्राचे फोटो काढून, ते सगळ्या नातेवाइकांना पाठवूनही झालेले असतात. आता पुढची पायरी. "कलर कॅमेरा घेऊ की मोनो?" प्रश्न गमतीचा नाही, कारण बऱ्यापैकी कॅमेऱ्यात एखाद्याचा महिन्याचा पगार सहज जाऊ शकतो.

उत्तर एका शब्दात देता येतं: कलर. पण असं फटकन सांगितलं की समोरच्याला पटत नाही. तो आधीच महाजालावर वाचून आलेला असतो की 'खरे' लोक मोनो वापरतात. आणि त्यात तथ्य नाही असंही नाही. म्हणून ह्या विकांताला हे जरा सविस्तर. हा वाद आपण समजतो त्यापेक्षा खूपच जुना आहे, आणि तो आला कुठून हे कळलं की निवड फारशी अवघड राहत नाही.

आधी थोडं तांत्रिक. सेन्सर स्वतः रंगांधळा असतो. प्रत्येक पिक्सेल फक्त किती प्रकाश पडला ते मोजतो, कुठल्या रंगाचा ते त्याला कळत नाही. कलर कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एक इवलासा फिल्टर कायमचा चिकटवलेला असतो. मोनोमध्ये तो नसतो. तिथे तुम्ही अख्ख्या सेन्सरसमोर एक मोठा फिल्टर धरता, फोटो काढता, मग दुसरा धरता, मग तिसरा. म्हणजे फिल्टर दोन्हीकडे आहेतच. फरक एवढाच की रंग जागेत वाटायचे की वेळेत. टेलिकॉममध्ये काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. चॅनेल वाटून घ्यायलाही असेच मार्ग आहेत.

वेळेत वाटायची पद्धत आधी आली. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं (हो, तोच, समीकरणांवाला) एका चौकड्यांच्या फितीची तीन कृष्णधवल चित्रं लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून पडद्यावर एकावर एक टाकली आणि पडद्यावर फीत रंगीत दिसली. फोटो काढले होते थॉमस सटननं. गंमत अशी की त्या काळच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नव्हता! मग लालचं चित्र आलं कुठून? शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅकच्या लोकांनी हे कोडं सोडवलं. फितीतला लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि मॅक्सवेलचा लाल फिल्टर ते आत गळू देत होता. म्हणजे रंगीत छायाचित्रणाचा श्रीगणेशाच गळक्या फिल्टरनं झाला. हा गळका फिल्टर लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

जागेत वाटायची पद्धत लोकांच्या हातात आली १९०७ मध्ये, फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोममुळे. काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे बारीक कण पसरायचे, नारिंगी, हिरव्या आणि जांभळट निळ्या रंगात रंगवलेले. प्रत्येक कण म्हणजे एक फिल्टर आणि त्याच्यामागे नेहमीचं कृष्णधवल रसायन. आजच्या हायफाय कलर सेन्सरचा खापरपणजोबा बटाटा आहे हे मला फार आवडतं.

आकाशाला मात्र दोन्हीचा फारसा उपयोग नव्हता. प्रकाशच इतका कमी! हेन्री ड्रेपरनं ३० सप्टेंबर १८८० ला मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला तेव्हा ५१ मिनिटं काच उघडी ठेवावी लागली होती, तीही कृष्णधवल. आणि डोळ्याला तर मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक तेजोमेघ राखाडीच दिसतात, कारण अंधुक उजेडात काम करणाऱ्या आपल्या पेशींना रंग कळत नाही. त्यामुळे आकाशाला रंग आहेत हे वर्णपटावरून माहीत होतं, पण ते एका चित्रात कुणी पाहिले नव्हते.

ते दाखवले विल्यम मिलरनं. हा माउंट विल्सन आणि पालोमार वेधशाळांचा छायाचित्रकार. १९५० च्या दशकाच्या शेवटी अ‍ॅन्स्कोक्रोम नावाची बऱ्यापैकी वेगवान रंगीत फिल्म आली. ती त्यानं पालोमारच्या २०० इंची आणि ४८ इंची दुर्बिणींवर चढवली आणि १९५९ मध्ये नॅशनल जिओग्राफिकनं ती चित्रं छापली. देवयानी दीर्घिका, मृगाचा तेजोमेघ वगैरे. लोकांनी ही मंडळी पहिल्यांदाच रंगात पाहिली.

पण मिलरला एक भलतीच अडचण होती. प्रकाश मंद असला आणि वेळ लांबली की फिल्म आळशी होते. दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट काम करत नाही. त्यात रंगीत फिल्ममध्ये एकावर एक तीन थर, आणि तिघांचा आळस वेगवेगळा! (कुठल्याही टीममध्ये असतं तसंच.) तासन् तास उघड्या राहिलेल्या फिल्मवर रंग भलतीकडेच सरकायचे. मिलरनं प्रयोगशाळेत हा घसरा किती होतो ते मोजलं आणि प्रत काढताना फिल्टर लावून तो दुरुस्त केला. आज आपण ज्याला कॅलिब्रेशन म्हणतो ते हेच.

मग आला डेव्हिड मॅलिन. मूळचा रसायनशास्त्राचा आणि सूक्ष्मदर्शकाचा माणूस. १९७५ मध्ये तो ऑस्ट्रेलियात सायडिंग स्प्रिंगच्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेशी जोडला गेला. तिथे ३.९ मीटरची दुर्बीण होती. त्यानं रंगीत फिल्मचा नाद सोडला आणि थेट मॅक्सवेलकडे गेला. तीन कृष्णधवल काचा, तीन फिल्टर, शेवटी अंधाऱ्या खोलीत तिन्ही एकत्र. काचा आधी नायट्रोजन आणि हायड्रोजनमध्ये ठेवून त्यांचा आळस घालवायचा. हॉर्सहेडचा काळा घोडा लालभडक पडद्यासमोर उभा असलेलं जे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे, ते घडवण्यात मॅलिनचा वाटा मोठा.

तर मंडळी, कलर-मोनो वादाचे हे दोन संप्रदाय. मिलरपंथी सगळे रंग एकाच दमात घेतात आणि मॅलिनपंथी एकेक करून. वेधशाळेत मॅलिनपंथ निर्विवाद जिंकला. मोठमोठ्या दुर्बिणींचे कॅमेरे, हबल धरून, रंगांधळेच असतात आणि पुढे फिल्टर बदलतात. 'खरे लोक मोनो वापरतात' ह्या वाक्याचं मूळ इथे आहे.

आता २० जुलै १९७६. त्या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. कोडॅकच्या ब्राइस बेयरला त्याच्या पिक्सेलवरच्या रंगांच्या मांडणीचं पेटंट मिळालं, आणि व्हायकिंग १ मंगळावर उतरलं. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण आपल्या विषयासाठी ह्याहून चांगला योगायोग मागून मिळाला नसता.

बेयरची मांडणी साधी आहे. चार पिक्सेलचा चौकोन: दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दोन का? कारण माणसाच्या डोळ्याला बारकावे जास्त करून हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशात दिसतात. म्हणजे ही मांडणी माणसांचे चेहरे आणि झाडंझुडपं बघणाऱ्या डोळ्यासाठी केलेली आहे. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजानं भरायचे, शुद्ध इंटरपोलेशन. हायड्रोजनचे तेजोमेघ ६५६.३ नॅनोमीटरच्या गडद लाल रेषेत चमकतात, आणि त्या रेषेसाठी ह्या चौकोनातला फक्त एक पिक्सेल कामाचा, तिघं बसून. मोनोवाल्यांचा मुख्य आक्षेप हाच, आणि तो गणिताच्या दृष्टीनं बरोबर आहे.

व्हायकिंगचा कॅमेरा बेयर पद्धतीचा नव्हता, तो एकेक रंग वेगळा स्कॅन करायचा. दुसऱ्या दिवशी पहिलं रंगीत चित्र आलं आणि त्यात मंगळाचं आकाश निळसर होतं! घरच्यासारखं. मग शास्त्रज्ञांनी यानावरच लावलेल्या रंगांच्या पट्ट्यांशी ताडून पाहिलं, दुरुस्ती केली आणि आकाश गुलाबीसर निघालं. मंगळाच्या हवेतली धूळ निळा प्रकाश शोषते म्हणून. हे जाहीर झाल्यावर पत्रकारांनी चेष्टेनं हुर्यो केली, असं कार्ल सेगननं 'कॉसमॉस'मध्ये लिहिलंय. आकाश निळंच असावं अशी सगळ्यांची इच्छा होती. घोळात एक भाग त्या कॅमेऱ्याच्या फिल्टरचाही होता. त्यांतून आपल्या रंगाबरोबर थोडं इन्फ्रारेडही गळत होतं. मॅक्सवेलचा भूत पुन्हा हजर.

ह्यातून मला जे दिसतं ते असं. कॅमेरा रंग 'पकडत' नाही. तो तीन आकडे देतो, आणि त्या आकड्यांचा रंग करणं हा माणसाचा निर्णय असतो. मोनो घेतला म्हणून रंग आपोआप खरा होत नाही आणि कलर घेतला म्हणून खोटा होत नाही. तेव्हा 'शुद्धता' हा मुद्दा निवडीतून बाद. उरतात दोन गोष्टी: प्रकाश आणि वेळ. आणि वेळेच्या बाबतीत मिलरपंथाचे दिवस फिरले ते एका खेळण्यामुळे.

२००० च्या आसपास फिलिप्सचा टूकॅम प्रो नावाचा वेबकॅम आला. काम काय, तर परदेशातल्या मुलाचा चेहरा आईवडिलांना दाखवणं. पण आत खरा सोनीचा सीसीडी होता, ६४० बाय ४८० चा, रंगीत. हौशी लोकांनी त्याची भिंग काढून फेकली. आता तो दुर्बिणीला लावायचा कसा? तर ३५ मिमी फिल्मची काळी प्लॅस्टिकची डबी सव्वा इंची फोकसरमध्ये जवळजवळ फिट्ट बसते! फिल्मचा जमाना संपवणाऱ्या कॅमेऱ्याला तिच्याच डबीनं आधार दिला.

आणि त्या खेळण्यानं ग्रहांच्या फोटोंमध्ये क्रांती केली. कारण ग्रहांना प्रकाशाची कमतरता नसते, शत्रू असते आपली हवा. ती सतत थरथरते, पण अधूनमधून क्षणभर शांत होते. १९७८ मध्ये डेव्हिड फ्रीडनं अशा नशिबाच्या क्षणांची संभाव्यता मांडली होती. वेबकॅमनं दोन मिनिटांत हजारभर फ्रेम घ्यायच्या आणि त्यातल्या चांगल्या निवडून एकावर एक रचायच्या. नेदरलँड्सच्या कोर बेरेवुट्सनं २००२ मध्ये हे काम करणारं रेजिस्टॅक्स चकटफू वाटायला काढलं. शंभर फ्रेम रचल्या की गोंगाट दहापट कमी, वर्गमुळाचा नियम. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ जवळजवळ साठ हजार वर्षांत सगळ्यात जवळ आला तेव्हा हे हत्यार नुकतंच तयार होतं.

इथे रंग एकाच दमात घेण्याचा फायदा रोकडा आहे. गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. तो ४५ विकलांचा दिसत असेल तर मधला भाग मिनिटाला साधारण पाव विकला सरकतो. आठ इंची दुर्बिणीची ताकद अर्ध्या विकलेच्या जरा पुढे. म्हणजे दोन-अडीच मिनिटांत खेळ खल्लास, आणि तेवढ्यात मोनोवाल्याला तीन फिल्टर फिरवायचे असतात. (आता विनजुपॉससारखं सॉफ्टवेअर हे फिरणं उलटं करून देतं, पण तोही एक उद्योगच.)

आणि रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे. फेब्रुवारी २००६ मध्ये फिलिपिन्समधल्या सेबूच्या क्रिस्टोफर गोच्या लक्षात आलं की गुरूवरचा 'ओव्हल बीए' हा पांढरा डाग तांबडा झालाय. तीन जुनी पांढरी वादळं १९९८ ते २००० मध्ये एकमेकांत मिसळून हा डाग बनला होता. घरून फोटो काढणाऱ्या माणसानं एक रंग बदललेला पाहिला, आणि एप्रिलमध्ये हबल तिकडे वळली.

डीप-स्कायचं गणित मात्र उलटं. तिथे प्रकाशच दुर्मीळ, म्हणून पिक्सेल वाया घालवणं महाग. शिवाय साध्या डिजिटल कॅमेऱ्यातला कारखान्यातला फिल्टर हायड्रोजनची ती लाल रेषा बरीचशी अडवतो, माणसांच्या त्वचेचे रंग बरे दिसावेत म्हणून. २००५ मध्ये कॅननला २०डीए नावाचा खास आकाशासाठीचा कॅमेरा काढावा लागला तो ह्यामुळेच. पण अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एरवी आपल्यासाठी कुणी सेन्सर बनवत नाही, आपण दुसऱ्याच्या ताटातलं उचलतो. सोनीनं २०१४ मध्ये मोटारींना रात्री रस्ता दिसावा म्हणून आयएमएक्स २२४ काढला, तो वर्षभरात ग्रहवाल्यांचा लाडका झाला. आयएमएक्स ४६२ आणि ५८५ हे स्टारविस घराण्यातले, म्हणजे सोसायटीच्या गेटवरच्या सीसीटीव्हीचे भाऊबंद. सेन्सरमध्ये वायरिंग मागे नेल्यामुळे प्रकाश आता इतका कमी वाया जातो की बेयरचा तोटा पूर्वीइतका बोचत नाही.

आता आपल्याकडचं बघू. जून ते सप्टेंबर आकाश बंद. उरलेल्या महिन्यांत अमावास्येच्या आसपासचे विकांत धरले, त्यातून ढग, लग्नं आणि रिलीज वजा केले, तर वर्षाला दहा-बारा रात्री मिळाल्या तरी पुष्कळ. मॅलिनपंथाला चार फिल्टर आणि प्रत्येकासाठी तास लागतात. लाल झालं, हिरवं झालं आणि निळ्याच्या वेळी ढग आले तर हातात काहीच नाही. कलरवाल्याकडे त्याच रात्री एक पूर्ण चित्र असतं, जरा गोंगाटी का होईना. मिलर वेधशाळेत हरला, पण नोकरदाराच्या गच्चीवर तोच जिंकतो.

दुसरी बाजू आपल्या फायद्याची. २०१९ मध्ये गुरू आणि शनी खूप दक्षिणेला होते. लंडनहून ते क्षितिजावर जेमतेम १६-१७ अंश चढायचे, पुण्याहून जवळजवळ ५०. ग्रह खाली असला की हवा लोलकासारखी वागते आणि लाल-निळ्या कडा सुटतात. कलर कॅमेऱ्याला ह्याचा त्रास जास्त, पण आपल्याला तो युरोपपेक्षा कमीच होतो.

तेव्हा खरेदी. ग्रहांसाठी छोटा, न थंडावलेला, यूएसबी ३ वाला कलर कॅमेरा: आयएमएक्स ४६२ किंवा ५८५. पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, आणि दुर्बिणीचा एफ-आकडा पिक्सेलच्या साधारण पाचपट ठेवावा असा ठोकताळा आहे, म्हणजे एफ/१४-१५. एफ/१० ची दुर्बीण असेल तर दीडपट बार्लो लावली की झालं. डीप-स्कायसाठी थंड होणारा कॅमेरा: आयएमएक्स ५३३, आणि ऐपत असेल तर ५७१. दोन्हींचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉन. ४०० मिमीच्या दुर्बिणीवर ५७१ मध्ये सव्वातीन अंशांच्या वर लांबी मावते, म्हणजे अख्खी देवयानी. थंडाव्यावर आपल्याकडे काटकसर करू नका. सेन्सर सहा-सात अंश तापला की त्याचा स्वतःचा डार्क करंट दुप्पट होतो, आणि एप्रिलमध्ये रात्री अकरालाही गच्ची २८ अंशांवर असते. 'एकच कॅमेरा दोन्हीला चालेल का?' चालेल, ५८५ चालेल. पण मग दोन्हीकडे थोडी थोडी तडजोड, हे मनाशी धरून घ्या.

शहरातून डीप-स्काय करणार असाल तर एक ड्युअल नॅरोबँड फिल्टरही. जुने लाइट पोल्युशन फिल्टर सोडियमचा पिवळा उजेड अडवायचे. २०१५ नंतर आपल्याकडे रस्तोरस्ती एलईडी आले, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, त्यामुळे ते फिल्टर निकामी झाल्यात जमा. ड्युअल नॅरोबँड फक्त दोन अरुंद फटी ठेवतो, हायड्रोजनची ६५६ ची आणि ऑक्सिजनची ५०१ च्या आसपासची. हायड्रोजन लाल पिक्सेलवर जातो आणि ऑक्सिजन हिरव्या-निळ्यांवर, म्हणजे चारातल्या तिघांवर. बेयरनं झाडांसाठी ठेवलेले हिरवे पिक्सेल इथे अचानक कामाला लागतात. दीर्घिकांना मात्र ह्याचा उपयोग नाही, त्यांचा प्रकाश ताऱ्यांचा. त्यासाठी गाडी काढून शहराबाहेरच जायला हवं.

मोनो कुणी घ्यावा? ज्याच्या घराला अंधारं आकाश आहे, ज्याला गुरूची मिथेनच्या ८८९ नॅनोमीटर पट्ट्यातली किंवा शुक्राची अतिनील चित्रं हवीत, किंवा ज्याला ताऱ्यांची तेजस्विता नीट मोजायची आहे त्यानं. बाकीच्यांनी नाही.

आणि ग्रहांच्या कॅमेऱ्याबरोबर त्याच ऑर्डरमध्ये एक यूव्ही-आयआर कट फिल्टर टाका. पुष्कळ आकाशी कॅमेऱ्यांत पुढे साधी पारदर्शक काच असते, आणि पिक्सेलवरचे रंगीत फिल्टर ८०० नॅनोमीटरच्या पुढे तिन्ही सारखेच गळतात. कट फिल्टर नसेल तर ४६२ सारख्या इन्फ्रारेडला तिखट सेन्सरवर मंगळाचा रंग कसा येईल ते व्हायकिंगच्या मंडळींनी १९७६ मध्येच पाहिलंय. उलट मुद्दाम ८५० च्या पुढचंच सोडणारा फिल्टर लावलात तर तिन्ही रंगांचे पिक्सेल एकसारखे वागतात आणि तुमचा कलर कॅमेरा तेवढ्यापुरता मोनो होतो. हवा खराब असेल त्या रात्री गुरू असाच घ्या, इन्फ्रारेड कमी थरथरतं.